मायक्रोवेव्हमधली सुकट

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. नटबोल्टपासून बेअरिंगपर्यंत कुठली वस्तू कुठल्या खणात आहे, हे मला वही न उघडता सांगता येतं. माणसांचं बोलणंही माझ्याकडं असंच राहतं. कोण काय म्हणालं, कुठं म्हणालं, तेव्हा आजूबाजूला कोण होतं, सगळं जागच्या जागी. लोक सांगतात, सोडून द्यावं. मला सोडता येत नाही, आणि खरं सांगायचं तर सोडावंसं वाटतही नाही.

शेजारणीच्या तीन गोष्टी मी अशाच ठेवून दिल्या होत्या.

आई आणि मी, आम्ही दोघीच. दोन वर्षांपूर्वी उल्हासनगरची खोली सोडून बदलापूरला, शिरगावात फ्लॅटमध्ये राहायला आलो. उल्हासनगरला भिंतीला भिंत होती. पलीकडच्या सिंधी काकूंनी लसणाची फोडणी दिली की आम्हाला ठसका लागायचा, आणि आम्ही बोंबील भाजले की त्यांना. काकू भिंतीवर थाप मारून विचारायच्या, "आज क्या बना है?" वासाबद्दल एवढाच काय तो संवाद व्हायचा.

शिरगावात पहिल्याच आठवड्यात शेजारीण ओळख करून घ्यायला आली. चाळिशी ओलांडलेली, नीटनेटकी बाई. "मूळचे कुठले तुम्ही?" मी म्हटलं, उल्हासनगर. "नाही, त्याच्या आधी?" आई गावाचं नाव सांगणार तोवर तिची नजर भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोवर गेली आणि पुढचं तिनं काही विचारलं नाही. चहाही अर्धाच ठेवून गेली. ही पहिली.

दुसरी लिफ्टमधली. आई बाजारातून सुकट घेऊन आली होती, कागदात बांधून, वर पिशवी. शेजारणीनं ओढणी नाकाला लावली ती चौथ्या मजल्यापर्यंत काढली नाही. आईनं असं नाकाला पदर लावणं लहानपणी गावात पुष्कळ पाहिलं होतं. ते मागंच राहिलं असं तिला वाटत होतं. लिफ्टमध्ये ती पिशवीकडं बघत उभी राहिली. मला फार राग आला, पण आईनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

तिसरी सोसायटीच्या ग्रुपवर आली. "काही घरांतून उग्र वास येतात. आपण आता सोसायटीत राहतो, चाळीत नाही, याचं भान ठेवावं." खाली जोडलेले हात. संदेश तिचा, पण त्यात नाव कुणाचंच घेतलेलं नव्हतं. सात जणांनी अंगठे दाखवले. मी उत्तर लिहायला घेतलं तर आईनं फोनच काढून घेतला. "राहू दे. मला तरी आता कुठं पचतंय ते." त्या दिवसापासून घरात सुकट झाली नाही. मे महिन्यात भरून ठेवलेला डबा माळ्यावर गेला.

दिवाळीनंतर आईला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. वरणभात समोर ठेवला की ती ताटाभोवती बोट फिरवत बसायची. डॉक्टर म्हणाले, वजन वाढलं पाहिजे, त्यांना आवडेल ते खाऊ द्या. एका दुपारी ती आपणहून म्हणाली, "दोन चिमटी सुकट असती तर भाकरी गेली असती." आणि लगेच म्हणाली, "पण नको."

त्या "पण नको"नं माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या गॅसवर, माझी आई दुसरीच्या नाकाला भिऊन अर्धपोटी राहत होती.

म्हणून मी उल्हासनगरच्या बाजारातून मायक्रोवेव्ह आणला. दुकानदारानं त्याच्या पाठीवर थाप मारत खात्री दिली होती, "दीदी, बंद डब्बा है. अंदर मच्छी पकाओ, मटण पकाओ, बाजूवाले को मालूम भी नहीं पडेगा." याच वाक्यावर मी तो घेतला.

घरी आल्यावर पहिला शोध लागला तो हा, की आमच्या घरात त्याला चालेल असं एकही भांडं नव्हतं. आईचा सगळा संसार स्टीलचा. लग्नात आलेली, देणाऱ्यांची नावं घातलेली भांडी. त्यातली एक वाटी तिनं नजर चुकवून आत ठेवली तर आतून निळ्या ठिणग्या उडाल्या. ती दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "माझ्या मामाची वाटी आहे ती." मग काचेचे दोन वाडगे आले. त्यांचं असं, की वाडगा हाताला चटका द्यायचा आणि आतली आमटी गारच असायची. चहाचा कप ठेवला तर फिरता फिरता थांबताना त्याचा कान नेमका मागं. पापड मध्ये काळा, कडेला कच्चा. काम संपलं की तीनदा शिट्टी, आणि दार उघडलं नाही तर दर मिनिटाला पुन्हा. आई त्याला "आले रे बाबा" म्हणून उत्तर द्यायची.

माहितीपुस्तिका मी अक्षर न् अक्षर वाचली, सवयच आहे. त्यात लिहिलं होतं, मागं एक वीत जागा सोडा. का, ते मी तेव्हा लक्षात घेतलं नाही.

रविवारी माळ्यावरून डबा काढला. काचेच्या वाडग्यात मूठभर सुकट, वर झाकण, खिडकी बंद. दीड मिनिट. आईनं कितीतरी दिवसांनी स्वयंपाकघरात स्टूल ओढून घेतलं होतं. सव्वा मिनिटाला वास आला, आणि साधासुधा नाही. त्या बंद डब्याला पाठीमागं जाळी होती आणि जाळीतून पंखा सगळा वास गरम करून बाहेर फेकत होता. काम संपल्यावरसुद्धा तो पंखा मिनिटभर घुरघुरत राहिला. खिडकीच्या फटीतून वास डक्टमध्ये गेला. डक्टपलीकडं शेजारणीचं स्वयंपाकघर. दहा मिनिटांत ग्रुपवर संदेश, "पुन्हा तेच."

आईचा चेहरा उतरला. मी दुकानदाराला मनातल्या मनात पुष्कळ बोलले. भांडी घासताना मात्र माझं लक्ष त्या जाळीकडं गेलं आणि तिथंच राहिलं.

शेजारीण रविवार सोडून रोज सकाळी साडेसहाला मोबाइलवरून योगाचा वर्ग घ्यायची. तिच्या स्वयंपाकघराला लागूनच बसायची ती. आवाज डक्टमधून स्वच्छ यायचा. आधी मान, मग खांदे, आणि मग शेवटी प्राणायाम. "आता खोल श्वास आत घ्या. पोट भरू द्या. धरून ठेवा."

सोमवारी सहा वाजता उठून मी मायक्रोवेव्ह ओट्यावर फिरवला. तोंड घरात, पाठ खिडकीकडं. खिडकी सताड उघडी. सुकट वाडग्यात. पलीकडं खांदे झाले, तेव्हा मी बटण दाबलं. "खोल श्वास आत घ्या," ती म्हणाली. "पोट भरू द्या." "धरून ठेवा" आलंच नाही. मग खोकला आला. तेवढ्यात माझ्या मायक्रोवेव्हनं तीन शिट्ट्या मारल्या, आणि मी दार मुद्दाम उघडलं नाही.

असा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. बसमध्ये मी एकटीच हसत होते. कारखान्यात त्या दिवशी कुणावर डाफरले नाही.

मग ते रोजचंच झालं. मला तिचं वेळापत्रक पाठ झालं. अनुलोम-विलोमला एक मिनिट, भस्त्रिकेला दीड, कारण त्यात ती जोरजोरात श्वास घ्यायची. बुधवारी तिनं खिडकी लावून घेतली, तर मी दोन मिनिटं लावली. शुक्रवारी तिचा एक विद्यार्थी मोबाइलमधून म्हणाला, "मॅडम, बरं नाही का?" तेव्हा मी ओट्याला टेकून तोंडावर हात दाबून धरला होता. सुकट झाली की आईच्या ताटात वाढायची आणि अंघोळीला पळायचं. "तुझ्यासाठीच चाललंय," मी तिला सांगायचे. ती म्हणायची, "ठेव. खाते सावकाश."

दुसऱ्या आठवड्यात सेक्रेटरी आले. खालच्या मजल्यावरचे, निवृत्त, सभ्य गृहस्थ. "डक्टमध्ये काही मेलंय का बघतोय. सकाळी वास येतो म्हणे."

"गॅस तर बघा आमचा," मी म्हटलं. "सकाळपासून पेटलेलाच नाही."

त्यांनी खरंच बर्नरला हात लावून पाहिला. गार होता. मग मायक्रोवेव्हकडं बघितलं. मी म्हटलं, आईचं दूध गरम करते त्यात. मायक्रोवेव्हनं तेव्हाच एक शिट्टी मारली. सेक्रेटरी मान हलवून गेले. मागं स्टुलावर बसलेली आई माझ्याकडं बघत होती. मी तिला डोळा मारला. ती हसली नाही.

शनिवारी तिला डॉक्टरांकडं नेलं. वजन दीड किलोनं उतरलं होतं. डॉक्टरांनी मला विचारलं, काय खातात या? मी ठसक्यात सांगितलं, रोज सुकट-भाकरी. त्यांनी आईकडं पाहिलं. आई स्वतःच्या चपलांकडं बघत होती.

रविवारी मी स्वयंपाकघर आवरायला काढलं. फडताळात एक डबा जागेवर नव्हता, मधल्या आकाराचा. माझ्या हाताखालच्या फडताळात डबा जागेवर नाही म्हणजे मला चैन पडत नाही. शोधला तर तांदळाच्या पिंपामागं सापडला. उघडला. आत सुकट होती. काळी पडलेली, तारेसारखी कडक, खाली चुरा. बारा सकाळींची सगळी असेल.

डबा घेऊन मी आईसमोर उभी राहिले. ती म्हणाली, "फेकवंना. अन्न आहे."

"खाल्ली का नाहीस?"

"चावत नाय. वरून जळते, आतून कच्ची. कवळीत अडकते."

"मग सांगायचंस ना."

"पहिल्या दिवशी सांगणार होते. पण तू इतकी खुशीत होतीस." तिनं डबा माझ्या हातातून घेतला आणि झाकण लावलं. "माझ्यासाठी भाजत होतीस का तू? तिच्यासाठी भाजत होतीस. बारा दिवस तिला जेवू घातलंस. मी तशीच."

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. शेजारणीचं बोलणं मी शब्दन् शब्द जपून ठेवलं होतं, आणि आई रोज किती घास खाते हे एकदाही पाहिलं नव्हतं.

"तवा काढ," आई म्हणाली.

ती स्टूल ओढून गॅसपाशी बसली आणि मला सांगत गेली. माळ्यावरच्या डब्यातली नवी सुकट घे. आच बारीक ठेव. हलवत राहा, हात थांबवू नको. आता डोकी काढ. आता धुऊन घे. कांदा भरपूर चिर, लसूण ठेचून टाक, तिखट आपलं घरचं, वर दोन आमसुलं. मी ती सांगेल ते करत होते. वास घरभर झाला, आणि तो त्या बारा दिवसांचा वास नव्हता. तोंडाला पाणी सुटलं. सवयीनं मी खिडकी लावायला हात वर केला.

"कशाला? धूर कोंडेल. पुढचं दारही उघड."

"आई, जिना आहे समोर."

"असू दे. आपलं घर आहे."

दार उघडलं. हॉलमध्ये, दारासमोरच, आम्ही ताटं घेऊन बसलो. आईनं भाकरीचा तुकडा मोडला, सुकट घेतली, तोंडात घातली आणि डोळे मिटून चावत राहिली. दुसरा घास घेतला. तिसरा. मी मोजत होते.

तेवढ्यात शेजारचं दार वाजलं. शेजारीण कुठंतरी निघाली होती, ठेवणीतली साडी, हातात पर्स. लिफ्टचं बटण आमच्या दारासमोर आहे. तिथं येईपर्यंत तिनं पदर नाकावर दाबून धरला होता. मी जे काही ठेवून दिलेलं होतं ते सगळं एकदम जिभेवर आलं. मी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली.

"या ताई, जेवायला."

जेवताना दारात कुणी दिसलं की एवढं म्हणायचंच असतं. ओळखीचा असो, नसो, भांडलेला असो. आणि समोरच्यानंही उत्तर द्यायचंच असतं. तेवढं तर कुणीच चुकवत नाही. शेजारीण आईकडं बघत राहिली. आई घास हातात धरून थांबली होती. उत्तर द्यायला शेजारणीला पदर खाली घ्यावा लागला.

"चालू द्या," ती म्हणाली. "जेवा सावकाश."

लिफ्ट तळमजल्यावर होती. ती चौथ्या मजल्यावर येईपर्यंत आईनं शेजारणीला आणखी एकदा बोलावलं, आणि तिला पदर आणखी एकदा काढावा लागला. लिफ्टचं दार लागल्यावर आई ताटाकडं वळली आणि म्हणाली, "अर्धी भाकरी वाढ अजून."