ओडेटची शाई

कागदाच्या बाबतीत ओडेट पेल्टिए कुणाच्या बापाचं ऐकत नसे. ऐकावं तरी का? अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या नदीकाठच्या गावात तिने एकतीस वर्षं कागद गिरणीत काढली होती, त्यातली बावीस चकाकीचा थर चढवणाऱ्या यंत्रावर. कागदाचा कोपरा कानाशी फडफडवून ती त्याची जाडी सांगायची. फोटोच्या कागदाची छापायची बाजू ओळखायला तो खालच्या ओठाला लावायची. ओठाला चिकटेल ती खरी. गिरणी बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी जाताना हत्यारं उचलली, मालकाला शिव्या घातल्या. ओडेटने फोटोच्या कागदाचे अकरा खोके तळघरात आणून रचले. पहिल्याच वसंतात बर्फ वितळून तळघरात पाणी झिरपलं आणि खालचा खोका भिजला. थर विरघळून आतल्या कागदांचा चिकट गोळा झाला होता. उरलेले दहा खोके तिने फळ्यांवर चढवले आणि भिजलेल्यासाठी चक्क रडली.

त्या गावात माणूस गेलं की दफनाच्या आदल्या दिवशी त्याला बघायला सगळे जमतात. पेटीशेजारी एका मोठ्या पुठ्ठ्यावर त्याचे जन्मापासूनचे फोटो लावलेले असतात. पेटीकडे बघवत नाही, म्हणून लोक कॉफीचा कप घेऊन त्या पुठ्ठ्यापुढेच रेंगाळतात. गिरणी गेल्यावर असे पुठ्ठे फार लागायला लागले. कुणी दारूने गेला, कुणी नशेच्या गोळ्यांनी, कुणी नुसताच खुर्चीत बसून संपला. शहरातलं फोटोचं दुकान चाळीस मैलांवर, आणि दर अव्वाच्या सव्वा. मग ओडेट स्वयंपाकघरातल्या प्रिंटरवर छापून द्यायला लागली. पैसे घेत नसे. लोक आपणहून मांसाचं सारण भरून भाजलेला मीट-पाय आणून देत.

फुकट द्यायचं म्हणजे कुठेतरी हात आखडता घ्यायलाच हवा. कागद घरचा होता, आखडला तो शाईत. कंपनीच्या शाईच्या डब्या घेण्याऐवजी ती बाटल्यांतली स्वस्त शाई आणून इंजेक्शनच्या सुईने जुन्या डब्यांत भरायची. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या जिल्बेरने तिला एकदा टोकलंही होतं.

"ओडेट मावशी, ही शाई म्हणजे नुसतं रंगीत पाणी आहे. रंगाची बारीक पूड असलेली दुसरी मिळते. तिप्पट महाग आहे, पण टिकते."

"शाईवाल्याने कमिशन किती देऊ केलंय तुला?"

"मस्करी नाही करत मी. तुमचा कागद लगेच वाळतो ना, तो बारीक भोकं असतात म्हणून. त्यातून हवाही आत शिरते, आणि हवा ही शाई खाते."

"बाळा, तू लंगोटात होतास तेव्हा मी तो कागद बनवत होते. शाईत काय ठेवलंय? कागद चांगला हवा!"

जिल्बेर हात झटकून गेला. हे सारं गाव असंच, कागदावर वाढलेलं. कागदात खोट असू शकते, हे इथे कुणाला खरंच वाटलं नसतं.

तिचा आणखी एक हट्ट होता. पुठ्ठा तयार झाला की घरच्यांच्या देखत ती कॉम्प्युटरवरचे फोटो पुसून टाकायची. "मेलेल्या माणसाला मी माझ्या घरात कोंडून ठेवणार नाही," म्हणायची.

जानेवारीत विल्फ्रेड गॅन्यॉनची जोझेट गेली. एकोणीस वर्षांची पोर, बर्फावरून गाडी घसरून झाडावर आदळली. आई तिला चार वर्षांची टाकून निघून गेलेली, बाप-लेक दोघंच. विल्फ्रेडने जोझेटचा मोबाइल आणून दिला. ओडेटने पुठ्ठ्यासाठी चाळीस फोटो छापले, आणि एक्केचाळिसावा, बाप-लेकीचा, पेटीत तिच्या हातात ठेवायला. फोटो पुसले. तो मोबाइल पुढे महिनाभर मैत्रिणींच्या निरोपांनी वाजत राहिला, आणि एका सकाळी विल्फ्रेडने तो लोखंडी पुलावरून नदीत फेकला. चाळीस फोटो स्वयंपाकघराच्या भिंतीवर डकवले. काच लावली नाही. येता-जाता तिच्या गालाला बोट लावता आलं पाहिजे, म्हणाला.

दोन वर्षांनी तो एक फोटो घेऊन ओडेटच्या दारात उभा राहिला.

"ओडेट, हे बघ गं काय झालंय."

निळा रंग पार उडाला होता. जोझेटचा चेहरा भाजल्यासारखा तांबूस, आणि डोळ्यांच्या जागी दोन फिकट डाग.

"सगळे असेच?"

"सगळे. मला वाटलं माझीच नजर गेली. शेजारणीला बोलावून दाखवलं."

ओडेटने सवयीने फोटोचा कोपरा कानाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. कागद उत्तम होता.

"कागदाचं नाही रे. शाईचं आहे. मी हलकी शाई वापरली. जिल्बेरने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

विल्फ्रेड ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "मग पुन्हा छाप."

कशावरून छापणार? मैत्रिणींकडे फोटो होते, पण ते मोबाइलवरच कुत्र्याचे कान लावलेले, डोळे मोठे आणि निळेशार केलेले. त्यात खरी जोझेट कुठे सापडायची? ओडेटने पूड असलेली महाग शाई आणली, उडालेले फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि आठवडाभर एकाच चेहऱ्यावर बसली. जिल्बेर रोज येऊन मदत करायचा; "मी सांगत होतो" हे एकदाही म्हणाला नाही, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटायची. कातडीचा रंग जमला. डोळ्यांपाशी अडलं. तिने विल्फ्रेडला बोलावून घेतलं.

"डोळे कसे होते रे तिचे?"

"म्हणजे काय, करडे." तो पडद्याकडे वाकला. "करडे... नाही, उजेडात हिरवट दिसायचे. थांब, आठवतो. रोज बघायचो ना मी!"

तो बराच वेळ आठवत राहिला. मग खुर्चीत बसून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुलगी एकदा बर्फात गेली होती, आता ओडेटच्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी दोष रस्त्याचा नव्हता. ओडेटला हे लख्ख कळत होतं. गावातली आणखी तीसेक घरं तिला डोळ्यांपुढे दिसत होती, प्रत्येकाच्या भिंतीवर तिनेच छापलेलं कुणीतरी.

विल्फ्रेडने मान वर केली.

"हातात ठेवलेला तो एक... तिथे ऊन नाही. हवाही नाही ना?"

"नाही."

"मग तो उडाला नसेल. तुला कागदातलं कळतं, ओडेट. खरं सांग."

ओडेटला भिजलेला खोका आठवला. दोन वसंतांचं बर्फाचं पाणी त्या मातीत मुरलं होतं.

"कागद चांगला होता, विल्फ्रेड," ती म्हणाली. "जसाच्या तसा असेल."

कागदाबद्दल ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली.