जांभळ्या काठाची चिंधी

ये, अशी जवळ ये. कागदावर का होईना, पण जवळ बस. आणि आधी बोलणी खा. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही. डोंबिवली काय परदेशात आहे का गं? आईची मैत्रीण म्हणजे नुसती फोनवरची मावशी झाले मी.

बरं, त्या फोनचंच सांगते. परवा तू विचारलंस, "मावशी, आईच्या ट्रंकेत कुंकवाच्या करंड्यात एक जांभळी चिंधी घडी करून ठेवलीय, ती कसली?" मी म्हटलं, "काय माहीत बाई." खोटं बोलले. तेव्हापासून घरात कुणी डब्याचं झाकण जोरात लावलं तरी माझा हात आपोआप मागे येतो.

ऐंशीच्या सालांतली गोष्ट. नवऱ्याची गिरणी बंद पडली आणि मी ठाण्याला परदेशी कंपनीत लागले. पावडरच्या डब्यांची पत्र्याची झाकणं आम्ही बायका प्रेसवर, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणाऱ्या यंत्रावर, काढायचो. तुझी आई बाळकुमच्या कोळीवाड्यातली, शेजारच्याच प्रेसवर. मी चौथी नापास, पण रद्दीतल्या पेपरांवर वाचायला शिकलेली. जेवणाच्या सुट्टीत ती मला सुकटीची चटणी द्यायची आणि माझ्याकडून पेपर वाचून घ्यायची.

मग परदेशातून नवे प्रेस आले. हात आत सापडू नये म्हणून दोन बाजूंना दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येणार. अक्कल चांगली होती. पण बटणं लावलेली तिकडच्या सहाफुटी पुरुषांच्या मापाने. आमचे हात दिवसभर ताणलेले, जशा काही उडायलाच निघालोय. वर रोजच्या झाकणांचा आकडाही वाढवलेला. सुपरवायझर ओरडायचा, "बायांनो, तोंडं कमी, हात जास्त!"

"हात लांब करून दे रे दादा, मंग बघ," तुझी आई.

उपाय मी काढला. हुशार ना मी! माझ्या जुन्या साडीचा जांभळा काठ फाडला, डावं बटण दाबून वर लाकडाची ढलपी ठेवली आणि आवळून बांधलं. मग उजव्या हाताने एक बटण दाबलं की झालं, डावा हात पत्रा सरकवायला मोकळा. आधी माझ्या प्रेसवर. मग तुझ्या आईच्या, माझ्याच हाताने.

"काय व्हनार नाय ना गो?" तिने विचारलं.

"घाबरट कुठली," मी म्हटलं.

महिनाभर काही झालं नाही. एके दुपारी ठक् झालं, रोजच्यासारखंच, पण पुढचं ठक् आलं नाही. डाव्या हाताची दोन बोटं. ती ओरडली नाही गं. माणसं धावायच्या आत तिने उजव्या हाताने चिंधी ओढून काढली आणि कमरेला खोचली. माझ्याकडे एकदाच बघितलं. ते बघणं अजून माझ्या घरात आहे.

ढलपी मात्र खाली पडलेली सगळ्यांनी पाहिली. तिसऱ्या दिवशी मोठा गोरा साहेब खाली आला. सुपरवायझर म्हणाला, "यांनीच बटण बांधलं साहेब, कंपनीची काही चूक नाही." आमच्यातल्या सगळ्यात बुटक्या बाईला, म्हणजे मलाच, साहेबाने बंद प्रेसवर बसवलं. हात पसरायला लावले. टेपने माप घेतलं. मग बोलला, ऑफिसातला बाबू मराठीत सांगत होता, "बटण कोणी बांधलं ते मी विचारणार नाही. का बांधावं लागलं, ते सांगा."

सांगितलं मी. खांदे, आकडा, सगळं. त्याने सगळे प्रेस बंद ठेवले. आकडा उतरवला. बटणं कुठे हवीत ते आम्हाला हात ठेवून दाखवायला लावलं, आणि चूक आपली आहे असं तिकडे कळवलं. तुझ्या आईला बसून तपासणीचं काम दिलं. आमच्या मापाचं ते बटण पुढे दुसऱ्या देशांतल्या कारखान्यांतही गेलं म्हणे.

बायका म्हणायच्या, देवमाणूस. होताच. पण कोणी बांधलं ते त्याने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? तेही माहीत नाही मला.

तुझी आईही कधी बोलली नाही. पुढे कारखाना गेला, तिथे टॉवर उभे राहिले. ती तीन बोटांच्या हाताने मला सुकट बांधून देत राहिली. गेली, पण बोलली नाही. चिंधी मात्र जपली. राग म्हणून जपली, की माझी अब्रू म्हणून? आता सांगणार कोण?

तू आता तसल्याच कंपनीत साहेबीण आहेस. त्या साहेबासारखं कर हो, आधी का ते विचार. पण माझ्यापुरतं तसं नको. समोर बसून मला दुसरंच विचार, कोणी बांधली म्हणून. लिहिणं सोपं गेलं गं. तुझ्या तोंडाकडे बघून सांगायचंय.

या रविवारीच ये. चिंधी घेऊन ये. सुकटीची चटणी करते, तुझ्या आईसारखी जमत नाही, पण करते. लवकर ये.