भाकरीवर मोजलेला दम

मुलगी जळगावच्या कॉलेजात असताना कबड्डी खेळायची. सकाळी मी चुलीपुढे बसले की ती अंगणात दमाचा सराव करी. मी भाकरी थापायला घेतली की तिचं ‘कबड्डी, कबड्डी’ सुरू. भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवेपर्यंत तिचा दम सुटत नसे. मग ओरडायची, “हरली व माय, तुझी भाकर!” आमच्या असोद्याच्या घरातल्या त्या सकाळी फार छान होत्या. तेव्हा तसं वाटलं नाही.

एका वर्षी थंडीच्या तोंडाशी तिला ताप आला. आठ दिवस अंग फणफणलं. ताप उतरला, तेव्हा धुळ्याचे सामने पंधरा दिवसांवर होते आणि ती संघाची कप्तान होती. ती पुन्हा अंगणात उतरली. भाकरी अर्धी थापून झाली नाही तोच तिचा आवाज तुटला. दुसऱ्या दिवशी तिला कळू नये म्हणून मी भरभर थापली, तरी तेच. तिसऱ्या दिवशी ती खांब धरून उभी राहिली. गळ्याजवळची शीर उडत होती.

“काही नाही व माय, तापाची कमजोरी.”

खेळाच्या सरांनी डॉक्टरांचा दाखला आणायला सांगितलं होतं. मी तिच्यासोबत जळगावला गेले. डॉक्टरांनी विचारलं, “खेळताना दम लागतो? छातीत धडधडतं?”

“नाही सर. एकदम बरी आहे.”

डॉक्टरांनी पेन उघडलं. मी परक्या पुरुषाशी कधी बोलले नव्हते. दुकानात वाणसामान मागायचं तरी बोट दाखवायची. पदर दातात धरून मी म्हटलं, “खोटं बोलते ती.”

“तुम्हाला कसं कळलं, बाई?”

मी भाकरीचं सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी तिला आत निजवून छातीला तारा लावल्या, कागदाची लांब पट्टी काढली. बराच वेळ बघून म्हणाले, “तापानं हृदयाला थोडी सूज आली आहे. अशात धावली तर जिवावर बेतेल. तीन महिने खेळ बंद. मग पुन्हा पट्टी काढू.”

एसटीत ती माझ्याजवळ बसली नाही. उतरल्यावर म्हणाली, “जन्मात कोणाशी बोलत नाही तू. बोलली तं आजच!”

घरी तिच्या वडिलांना नवल वाटलं. “डॉक्टरपुढं तोंड उघडलं तू? मले तं वीस वर्षांत ऐकू आलं नाही.” कोणी हसलं नाही.

धुळ्याला संघ तिच्याशिवाय गेला आणि हरून आला. ती ताटावर मुकाट बसायची. भाकरी वाढताना मला वाटायचं, आपण गप्प राहिलो असतो तर? आणि लगेच डॉक्टरांचं ‘जिवावर बेतेल’ आठवायचं.

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो. पट्टी पाहून डॉक्टर खूश झाले. म्हणाले, “आता हळूहळू सुरू करायला हरकत नाही. चालताना, जिना चढताना काही त्रास?”

तिनं माझ्याकडे बोट केलं. “माझं काय ऐकता सर, हिले विचारा.”

माझी मान खाली गेली. पण मी बोलले. “नाही होत आता,” मी म्हटलं, “पण पहिले आठ दिवस मी अंगणात बसून बघीन.”