वहिनीचं सूप आणि दोन नंबरचा पंप

माझी वहिनी मोटारी भरते. म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून काढायची, नवी मोजून गुंडाळायची, वर वार्निश ओतायचं आणि मोटार गिऱ्हाइकाच्या हवाली करायची. धंदा तिच्या वडिलांचा, हात मात्र तिचा. स्वयंपाक तिला अजिबात येत नाही. चहासुद्धा असा करते की पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. घरातली शेगडी माझा दादा सांभाळतो आणि झकास सांभाळतो, त्यामुळे कुणाची काही तक्रार नव्हती. मी त्याच रस्त्यावर शिवणाचं दुकान चालवते. माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा धारदार आहे म्हणतात. म्हणोत बापडे.

आम्ही राहतो चढावर. पालिकेच्या पंपघरात दोन पंप, त्यातला दोन नंबरचा तीन वर्षांपूर्वी जळाला. तेव्हापासून वर पाणी यायचं दिवसाआड, तेही वीस मिनिटं. आमची आई बहात्तर वर्षांची. खालच्या नळावरून बादली भरून बासष्ट पायऱ्या चढायची आणि मध्ये तीनदा टेकायची. वहिनी निवडणुकीला उभी राहिली ती या एका पंपासाठी, आणि लोकांनी तिला निवडूनही दिलं.

पहिल्याच सभेत ती अर्धा तास बोलली. पंप धडधाकट आहे, नुसती मोटार जळालीय, दोन दिवसांत भरून होईल, सगळं अगदी कागदावर काढून दाखवलं. पालिकेचे इंजिनिअर साहेब तोवर आढ्याकडे बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'मोरपंखी पोशाखात नव्या नगरसेविका उठून दिसल्या.' पंपाबद्दल अवाक्षर नाही. आता तो पोशाख माझ्याच हातचा. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात माझ्याकडे तसलेच चार पोशाख शिवायला आले. तरी माझं डोकं फिरलंच. अर्धा तास बोललेली बाई यांना दिसली तेवढी, ऐकू काही आली नाही.

पुढच्या सभेत शेजारच्या वॉर्डाच्या सदस्यानं टेबलावर मूठ आपटली, त्यानं म्हणे 'घणाघात केला'. वहिनी नुसती बसल्या जागेवरून बोलली, तर तिनं 'त्रागा केला'. त्यानंतर ती गप्प बसली तर 'नाराज', आणि फोटोत जरा दात दिसले तर 'पाणीप्रश्नावर नगरसेविकांना हसू'. म्हणजे बाईनं करावं तरी काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी रोज सकाळी तो पेपर वाचून मोठ्यानं शिव्या द्यायची आणि मग त्यावरच कापड कापायची.

इंजिनिअर साहेबांनी फायलीवर 'दुरुस्ती अशक्य' असा शेरा मारून ठेवला होता. महिनाअखेरच्या सभेत विषय मंजूर झाला नाही, तर तो थेट पुढच्या वर्षावर जाणार होता. आईच्या गुडघ्यांनी तेवढी कळ काढली नसती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

अशात पेपरच्या शनिवारच्या पुरवणीतून फोन आला. मी तेव्हा वहिनीच्या दुकानात डबा द्यायला गेले होते. पुरवणी बघणाऱ्या बाईला हवं होतं ते असं, नगरसेविका घर सांभाळून राजकारण कसं करतात त्याबद्दल चार ओळी, आणि त्यांच्या हातची एक पाककृती. मी हातानं खूण केली, ठेव फोन. वहिनीनं ठेवला नाही. उलट विचारलं की हे वाचतं कोण. बाई म्हणाली, सगळेच वाचतात, कापून स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवतात, वर्ष वर्ष निघत नाही. वहिनी म्हणाली, संध्याकाळपर्यंत पाठवते.

शनिवारी पेपर उघडला आणि मी मशीनवरून उठूनच उभी राहिले. 'नगरसेविकांचं भाज्यांचं सूप' अशा मथळ्याखाली हे छापलं होतं:

'साहित्य: गाजरं दोन, कांदा एक, मूठभर वाटाणे, पाणी दोन लिटर. कृती: प्रथम नळ उघडावा. पाणी न आल्यास बादली घेऊन बासष्ट पायऱ्या उतराव्यात व भरलेली बादली घेऊन तेवढ्याच चढाव्यात. आता गाजरं चिरावीत. चढावर राहणाऱ्यांनी हे सूप दिवसाआडच करावं, कारण दोन नंबरचा पंप तीन वर्षं बंद आहे. फक्त मोटार जळाली आहे, काम दोन दिवसांचं आहे. सूप न जमल्यास पालिकेच्या इंजिनिअर साहेबांना विचारावं, वेळ सकाळी दहा ते एक.' खाली साहेबांच्या टेबलावरचा फोन नंबर. आणि त्याच्याही खाली, 'गरमागरम वाढा.'

हे छापलं कसं गेलं? तर त्या पेपरात पहिलं पान तीनदा वाचतात, खेळाचं दोनदा, आणि पाककृतीचं कुणीच वाचत नाही. मजकूर जागेत बसतोय का, एवढंच बघतात. वहिनीचा मजकूर एका ओळीनं कमी पडला, म्हणून पुरवणीवाल्या बाईनं 'गरमागरम वाढा' जोडून पान सोडलं. तिनंच नंतर मला सांगितलं. सोमवारी संपादकांनी तिला बोलावून झाप झाप झापलं. तिनं त्यांना विचारलं म्हणे, तुम्ही तरी वाचलं होतंत का? त्यावर ते खिडकीबाहेर बघायला लागले.

इंजिनिअर साहेबांचा फोन चार दिवस खाली ठेवायची सोय राहिली नाही. एका आजोबांनी तर गाजराऐवजी बटाटा चालेल का हे मनापासून विचारलं, मग पंपाचं विचारलं. सभेच्या दिवशी प्रेक्षकांच्या बाकांवर मुंगी शिरायला जागा नव्हती आणि ज्याच्या त्याच्या हातात ते कात्रण. नगराध्यक्षांनी फारसे आढेवेढे न घेता विषय मंजूर केला. त्यांच्या घरच्या कपाटावरही ते चिकटलं होतं, असं ऐकलं. साहेबांनी शेवटचा खडा टाकून बघितला, एवढी मोठी मोटार भरणार कोण? वहिनी म्हणाली, मी, आणि फुकट.

दोन दिवस ती दुकानाबाहेर आली नाही. दादा डबे पोचवत होता. तिसऱ्या दिवशी पंपघरात ही गर्दी. बटण अर्थातच नगराध्यक्षांनी दाबलं. मोटार घुमली, दाबाचा काटा चढला, आणि थोड्या वेळानं वरून कुणीतरी ओरडून सांगितलं की टाकीत पाणी पडतंय. त्या संध्याकाळी आईनं बादली उंबऱ्यापाशी पालथी घातली आणि नळ उघडाच ठेवून बघत बसली. शेवटी दादानं बंद केला.

दुसऱ्या दिवशी पेपरात नगराध्यक्षांचा बटणावर बोट ठेवलेला मोठा फोटो, आणि कोपऱ्यात वहिनीचा लहानसा. खाली, 'पंप सुरू होताच नगरसेविकांना रडू आवरेना.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेपर घेऊन मी तरातरा तिच्या दुकानात शिरले. म्हटलं, आता त्यांच्या ऑफिसात जाऊन एकेकाचं माप काढते. वार्निशाच्या वासानं डोळे चुरचुरतात एवढंसुद्धा या मेल्यांना कळू नये?

वहिनी एका छोट्या मोटारीत तार भरत होती. वेढे मोजता मोजताच तिनं मान वर केली.

"वार्निश नव्हतं गं. रडतच होते मी."

मी म्हटलं, आनंदानं का?

"भीतीनं. दुसऱ्या कुणी भरलेली मोटार पुन्हा जळाली असती, तर मोटार वाईट निघाली असती. माझी जळाली असती, तर बाई वाईट निघाली असती. मग आपल्या गावात पुन्हा कुठल्या बाईला पंपाजवळ उभं केलं असतं का कुणी?"

मी पेपर तिथेच ठेवला आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले. ती पुन्हा पहिल्यापासून वेढे मोजायला लागली, कारण माझ्यामुळे तिचा आकडा चुकला होता.