बोदलकशाचा भाचा

त्या माणसावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. गोंदियाच्या लोकल केबलवर तो खेळाच्या बातम्या द्यायचा आणि कबड्डीचे सामने असले की मैदानात टेबल टाकून स्वतःच कॉमेंट्री करायचा. तोच आवाज भोंग्यावर, तोच घराघरातल्या टीव्हीत. मागच्या महिन्यात तो वारला. खोटं कशाला बोलू, पहिला विचार हाच आला, की आता ते नाव कळायचं राहूनच गेलं.

त्याची एक पद्धत होती. सामन्याआधी चहाचा कप घेऊन एकेका खेळाडूला गाठायचा. "मामाचं गाव कोनतं गा?" आमच्याकडे भाच्याला मान. केस पिकलेला मामासुद्धा शेंबड्या भाच्याच्या पाया पडतो. मग चढाई सुरू झाली की हा गरजायचा, "चालला, चालला! सडक अर्जुनीचा भाचा चालला! अरे, कायले घाबरून राहिला? मामा पाहून राहिला ना!" गडी कुडव्याचा, पण टाळ्या अर्जुनीवाल्यांच्या.

मला विचारलं तेव्हा मी तोडून टाकलं, "मले मामा नाही."

मामा होते, चांगले दोन. आई बोदलकशाच्या, मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरची, वडील कुडव्याचे बौद्ध. लग्न केलं आणि तिचं माहेर तुटलं. वीस-बावीस वर्षं तिकडून ना कुणी आलं, ना तिला बोलावलं. बोदलकशाचं नाव निघालं की वडील उठून अंगणात जायचे. असल्या घरात माणूस आपोआप शिकतो, काय बोलायचं नाही ते.

आणि सेमीफायनलला, मी चढाईत असताना, भोंगा कडाडला. "अन् हा पाहा, बोदलकशाचा भाचा!"

मी चढाई विसरून भोंग्याकडे पाहिलं. तिघांनी मिळून आडवा केला मला. सामना कसाबसा जिंकलो, पण माझं डोकं फिरलं होतं. शिट्टी वाजली तसा मी जाऊन त्याची कॉलर धरली. "कोनं सांगतलं तुले?"

तो शांतपणे माईकवरची धूळ पुसत होता. "बाबू, खबर कुठून आली ते पत्रकार सांगत नसते."

मोठा आला पत्रकार! कबड्डीच्या बातम्या देणारा माणूस आणि ऐट पाहा. मग मीच शोध सुरू केला. कॅप्टनवर संशय घेतला, कारण माझ्या जागी त्याला स्वतःचा चुलतभाऊ हवा होता. चहाटपरीवाल्यावर घेतला. शेजारच्या काकूंशी तर मी कितीतरी दिवस बोललो नाही. त्या बिचाऱ्या विचारत राहिल्या, "काऊन रे, काय झालं?"

सेमीफायनलच्या दुसऱ्याच दिवशी फायनल झाल्यावर एक अनोळखी माणूस गर्दीतून सरळ माझ्याकडे आला आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी मागे सरलो. त्यानं माझ्या हातात ओली पिशवी दिली, आत तलावाचे मासे. "बहिनीले देजो," एवढंच बोलला आणि गेला. मला वाटलं, नक्की जमिनीच्या कागदावर आईची सही पाहिजे असेल. नाहीतर इतक्या वर्षांनी मासे कशाला?

घरी येऊन आईपुढे पिशवी ठेवली. "कोणी तरी देल्ली," म्हटलं. तिनं आत पाहिलं आणि विचारलं, "थोरला होता का लहाना?"

तेव्हा मला खटकायला हवं होतं. पण मी वडिलांकडे पाहत होतो. ते त्या दिवशी अंगणात गेले नाहीत. रात्री तेच मासे खाल्ले.

सहीबिही कुणी मागितली नाही. पुढच्या भाऊबिजेला दोन्ही मामा आले. तरी माझा संशय गेला नाही. तो कॉमेंट्रीवाला भेटला की मी विचारायचो, "सांगतो का आता?" तो हसायचा आणि पुढं निघायचा.

आता मैदानात नवी पोरं येतात. "जर्सी नंबर सात, क्या जबरदस्त रेड है!" सगळं हिंदीत, सगळं एका दमात. मला तर शंका आहे, सात नंबर कोणत्या गावचा हे तरी त्यांना ठाऊक असतं का. मामाचं गाव विचारणं तर दूरच.

तो गेल्याचं कळलं तेव्हा आई म्हणाली, "मलेही ने." आईची आणि त्याची ओळख कुठली? मी गाडीवर बसवून त्याच्या घरी नेलं. तिनं फोटोपुढे हात जोडले. परत येताना मागून म्हणाली, "मीनंच सांगतलं होतं त्याले."

मी गाडी बाजूला घेतली. "काऊन?"

"मले तिकडं जाता येत नव्हतं. त्याचा आवाज जात होता ना घराघरात."

"अन् मले काऊन नाही सांगतलं?"

"तू खेळलाच नसता. त्यालेही म्हटलं होतं, पोराले कधी सांगजो नोको."

कॉलर धरली तेव्हा त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं. ते त्यानं वाकून उचललं आणि खिशात टाकलं होतं.