मासळीच्या पेटीतल्या माश्या

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी माश्या पाळल्या होत्या. पिकल्या केळ्यांवर घोंघावतात त्या, लाल डोळ्यांच्या, तिळाएवढ्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. रत्नागिरीला जाऊन पोरगी काहीतरी मोठं शिकते, असं सगळी वाडी धरून चालली होती, आणि मला ते आवडायचं. आई बाजारात मासळी विकते. पुढे माझ्या बाटल्या घरी आल्या, तेव्हा त्या बघून ती म्हणाली, "आम्ही जन्मभर माश्या हाकलल्या, नि तू पाळतेस गो?"

काही बाटल्यांत साधं खाद्य होतं, काहींत औषध मिसळलेलं. माशीच्या मज्जातंतूंतून ऑक्टोपामिन नावाचं रसायन सुटतं, त्यानं अंडं पुढे सरकून बाहेर पडतं. माझं औषध ते रसायन अडवायचं. साध्या खाद्यावरच्या माद्या अंडी घालतात, औषधावरच्या घालत नाहीत, एवढंच मला दाखवायचं होतं.

एप्रिलात कॉलेजात वायरिंगचं काम निघालं, प्रयोगशाळा बंद झाली. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी बाटल्या आणि एक छोटा मायक्रोस्कोप घरी न्यायला सांगितलं. आमच्या पत्र्याखाली दुपारची भट्टी होते, आणि फार उष्म्यात नर निर्बीज होतात हे मी वाचलं होतं. मग आमच्या घरात कुणीही केलं असतं तेच मी केलं. आईची थर्माकोलची जुनी पेटी घेतली, तळाला रोज नवा बर्फ, वर कागद, कागदावर बाटल्या, आणि झाकण लावलं. बर्फात माल टिकतो, याबद्दल आमच्याकडे दुमत नाही.

माश्या टिकल्या. पण आठवडा गेला तरी एकाही बाटलीत अंडं नव्हतं, साध्या खाद्यावरही नाही. मॅडमना फोन करून पेटीसकट सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत साध्या बाटल्यांत अंडी दिसली नाहीत, तर यंदा प्रकल्पाच्या प्रबंधावर मी सही करणार नाही."

यंदा नाही म्हणजे कधीच नाही. माझ्यासाठी आणखी एक वर्ष थांबणं घराला झेपणारं नव्हतं.

साध्या बाटलीतली एक मादी काढून मी मायक्रोस्कोपखाली सुईनं उघडली. अंडाशय भरगच्च दिसायला हवं होतं. ते बारकं आणि काचेसारखं आरपार होतं, बलकाचा पत्ता नाही. तेव्हा वर्गात शिकलेलं आठवलं. थंडी आणि काळोख लागला की माशीचं शरीर हिवाळा धरून बसतं. बलक भरायला लावणारं हार्मोन कमी होतं, अंडाशय जिथल्या तिथे थांबतं. माश्या आजारी नव्हत्या. भर एप्रिलात मी त्यांना हिवाळा दाखवला होता.

सगळ्या बाटल्या पेटीतून काढल्या आणि खिडकीच्या उजेडात पाण्याच्या माठाला टेकवून ठेवल्या. भोवती ओलं फडकं, फार गरम नको आणि फार गारही नको. खाद्य ताजं केलं, त्यावर यीस्ट दिलं. शनिवारी काही नाही. रविवारी काही नाही. आईचे टोमणे बंद झाले, तेव्हा मला खरी भीती वाटली.

सोमवारी सकाळी साध्या बाटल्यांतल्या खाद्यावर पांढरे कण दिसले. भिंगातून बघितलं, अंडीच होती. पण तेवढ्यावर सुटका नव्हती. औषधाच्या बाटल्यांतही अंडी निघाली असती तर सगळी मेहनत पाण्यात. हात पुसून एकेक बाटली बघितली. एकही नाही. त्यातली एक मादी उघडली, तर आत अंडीच अंडी, पुरी वाढलेली.

आई बाजाराला निघाली होती. तिला बोलावून मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"ही तर भरलेली आहे. मग घालत का नाय?"

बाहेर ढकलणारं रसायन मी बंद केलंय, असं मी सांगितलं.

"म्हणजे अडलीय," आई म्हणाली. "नि तू खूश आहेस."

मी हो म्हणाले. खूश होतेच.

तिनं औषधाच्या बाकीच्या बाटल्यांकडे पाहिलं. "यांना कधी सोडशील?"

"परीक्षा झाली की."

"लवकर कर हो," म्हणाली, आणि टोपली उचलून गेली. मग मी मॅडमना फोन लावला.