लिंबाजीभाऊंनी उतरवलेली कॅसेट

लिंबाजीभाऊंचं दुकान पालमच्या बसस्टँडसमोर होतं. एक टेबल, दोन टेपरेकॉर्डर, मागं कॅसेटींची फळी. मी परभणीहून मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. नोकरी नव्हती. रोज त्यांच्या बाकावर जाऊन बसायचो. ते मला नावानं हाक मारत नसत. ‘बीए’ म्हणत.

मोठा टेप दुकानातच असे. लहान टेप सेलवर चाले. तो खांद्याला अडकवून ते सायकलवर गावोगाव जात आणि आवाज घेऊन येत. भजन, लग्नातली गाणी, कुणाचं कीर्तन. एका टेपातलं दुसऱ्यात उतरवायला त्यांच्याकडे हातभर तार होती. तार लावली की पहिला टेप मुका होई. दुकानात काहीच ऐकू येत नसे, आणि दुसऱ्यात मात्र सगळं भरलेलं असे. मला याचं नवल सरत नसे.

त्यांचा एक नियम होता. भरलेलं कुणाला सांगायचं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात या नियमापायी ते अडचणीत आले. जवळच्याच गावचे दत्तराव मागच्या चैत्रात वारले होते. वारण्याआधी त्यांनी लिंबाजीभाऊंना बोलावून घेतलं होतं. मुलं रानात असताना विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कॅसेटीत बोलून ठेवल्या होत्या. कॅसेट थोरल्या माणिकरावांच्या पेटीत पडून होती. घरात टेप नव्हता. माणिकराव कॅसेट बाहेर काढू देत नव्हते. आठवड्यातले तीनच दिवस ते धाकट्या चंद्रभानला पाणी देत. चंद्रभानचा गहू सुकत होता. भाऊ भावाशी बोलत नव्हता.

चंद्रभान दोनदा दुकानात येऊन गेला.

“भाऊ, तुमीच भरलीय. किती दिवस म्हणले आबा, तेवढं सांगा.”

“मी भरतो. सांगत न्हाई.”

तो गेल्यावर मी विचारलं, “आठवतंय का तुम्हाला?”

“लय चांगलं आठवतंय.”

“मग सांगितलं तर काय होईल?”

“आज खरं सांगितलं, बीए, तर उद्या खोटं सांगा म्हणून येतील.”

शेवटी गावातल्या चार लोकांनी माणिकरावांना भरीला घातलं. कॅसेट उतरवायची, एक चंद्रभानला द्यायची. माणिकरावांची अट एकच होती, सगळं आपल्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे.

बुधवारी दोघं आले. बाकाच्या दोन टोकांना बसले. मी मधे. लिंबाजीभाऊंनी तार लावली, दोन्ही टेपांची बटणं दाबली. फिरक्या फिरू लागल्या. दुकान गप्प.

“काय उतरायलंय?” माणिकरावांनी विचारलं.

“आबांचा आवाज.”

“मला तर ऐकू येईना.”

“तारेतून जायलाय.”

“तारेतून काय गेलं, कुणी बघितलंय? तार काढा. ऐकू येऊ द्या.”

लिंबाजीभाऊंनी मुकाट्यानं तार काढली. दोन टेप तोंडाला तोंड लावून ठेवले. दार लोटलं. “आता कुणी खोकायचंसुद्धा न्हाई. जे बोलाल ते आत जाईल,” असं बजावून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आधी कोंबडी ओरडली. मग म्हातारा, दम लागलेला आवाज आला.

“चंद्रभान...”

“जी, आबा!” चंद्रभान ओरडला. पुढचा आकडा त्यातच बुडाला.

लिंबाजीभाऊंनी टेप बंद केला. माणिकराव हसले. “येडं हाय. मेलेल्या माणसाला जी म्हणतंय.”

पण त्या घरात आबांनी हाक मारावी आणि कुणी ओ देऊ नये, असं कधी झालंच नव्हतं. जेवणाऱ्यानंही घास थांबवून ‘जी’ म्हणायचं, ही रीत. चंद्रभाननं उपरण्याचा बोळा केला आणि दातांत धरला. दोन्ही कॅसेटी मागं घेतल्या. कोंबडी पुन्हा ओरडली.

“चंद्रभान... तुला चार दिवस पाणी. तुझी जिमीन हलकी हाय, पाणी लवकर पिती. माणिकला तीन.”

चंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं. बोळा तोंडातच होता. मी माणिकरावांकडे बघायचं टाळलं. टेपात नुसता श्वास ऐकू येत होता.

“माणिक, तुला कबूल हाय ना रं?”

माणिकराव उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी नीट केली.

“व्हय, आबा.”

लिंबाजीभाऊंनी दोन्ही टेप बंद केले. नवी कॅसेट बाहेर काढून हातात धरली.

“खराब झाली,” ते म्हणाले. “माणिकराव, तुमचा आवाज आत गेलाय. पुसून तारेनं साफ उतरवू का? तुमी म्हणाल तसं.”

चंद्रभाननं तोंडातलं उपरणं काढलं. बाहेर गंगाखेडची गाडी लागली होती. कंडक्टर हाका मारत होता. माणिकराव अजून उभेच होते.

“बोलून बसलो की,” ते म्हणाले. मग पहिल्यांदाच भावाकडे वळले. “घे. मंगळवारपासून चार दिवस विहिरीवरली मोटार तुझी.”

लिंबाजीभाऊंनी स्क्रूड्रायव्हर घेतला. कॅसेटीच्या पाठीवरचे दोन बारीक तुकडे मोडून काढले.

“आता हिच्यावर दुसरं काही भरता येत न्हाई,” ते म्हणाले आणि कॅसेट चंद्रभानच्या हातात दिली.